‘वापर नाही’ असा शेरा पडलेल्या खोलीतून

दिनांक : ८ जानेवारी

प्रति,
मा. निवास व वीजवापर अधिकारी,
उपविभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मी राहत असलेल्या खोलीत मी राहते हे मान्य होण्याबाबत, तसेच दि. १५ जानेवारीच्या सुनावणीत घरमालकांना एकच प्रश्न विचारला जाण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. १८ डिसेंबर (‘जागा वापरात नसल्याने ताबा मालकास देणे’)
२) आपल्याच कार्यालयाचे प्रशस्तिपत्र, दि. १८ डिसेंबर (‘वीजबचत करणारी उत्कृष्ट भाडेकरू’)
३) घरमालकांचे प्रतिज्ञापत्र, दि. २२ डिसेंबर

महोदय,

१. वरील संदर्भ क्रमांक एक व दोन ही दोन्ही पत्रे मला एकाच दिवशी, एकाच पोस्टमनच्या हातून, एकाच पत्त्यावर मिळाली. मी त्या पत्त्यावर राहत नाही असे पहिले पत्र म्हणते. मी त्या पत्त्यावर फार चांगली राहते असे दुसरे म्हणते. दोन्हींवर सही आपलीच आहे. पोस्टमनने दोन्हींची पोच माझ्याकडून घेतली, म्हणजे निदान त्याच्या दृष्टीने तरी मी हयात व हजर होते.

२. अर्जदाराची माहिती अशी : वय सत्तावन्न, धंदा कपडे दुरुस्तीचा. विजारी आखूड करणे, कोट सैल करणे, चेन बदलणे, अस्तर घालणे. शिवणयंत्र पायाचे आहे. तिसऱ्या मजल्यावरील खोली क्रमांक नऊमध्ये मी चौदा वर्षे भाड्याने राहते. सकाळी नऊ ते एक मी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत बसून गिऱ्हाइकांची मापे घेते व नंतर काम घरी आणून करते. मला दुसरे घर नाही. एक बहीण आहे, पण तिचे घर तिच्याच सुनांना पुरत नाही. ही खोली गेली तर मी व माझे यंत्र रस्त्यावर येऊ, एवढाच या अर्जाचा मुद्दा आहे. पुढचे सारे त्याच्या पुष्ट्यर्थ आहे.

३. आता अपराधाकडे वळते. अपराध मी केला आहे. मी वीज वाचवली.

दोन वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयाने ‘भाड्याच्या घरात वीज कशी वाचवाल’ ही पुस्तिका घरोघरी वाटली. इतरांनी तिच्यात काय बांधले ते मला ठाऊक आहे. मी ती वाचली. एवढेच नव्हे, तर पाळली. घरमालकांची अट आहे की भिंतीला खिळा मारायचा नाही, चौकटीला हात लावायचा नाही आणि खोली सोडताना ती ‘होती तशी’ परत द्यायची. खिडकीच्या चौकटीतून हात बाहेर निघेल एवढी फट होती. दुरुस्ती करून द्या म्हणून मी तीन वेळा लेखी मागितले. मालक म्हणाले, हवा खेळती राहते. तेव्हा मी जे काही केले ते सुईदोऱ्याने केले, खिळा एकही नाही.

गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले तीन लोकरी कोट उसवून खिडकीला दुहेरी अस्तराचा पडदा केला व तो दोरीवर टांगला. कातरणीत उरलेल्या चिंध्या भरून दाराखाली ठेवायची लांब उशी शिवली. खिडकीच्या फटीत कापडाच्या वळ्या बसवल्या, त्या ओढल्या की निघतात. दिवसभर खिडकीतून ऊन आत घेते व ते उतरू लागले की पडदा ओढते. फ्रीज बंद करून त्यात सूत व बटणे ठेवली. गॅसवर पातेल्याला एक उकळी आली की ते उचलून गोधडी भरलेल्या खोक्यात ठेवते. दोन तासांत भात आपोआप शिजतो, जळत नाही आणि त्याच्यावर कोणाला लक्ष ठेवावे लागत नाही. उजेडासाठी यंत्रावर झुकणारा एकच दिवा आहे. झोपताना पायाशी गरम पाण्याची पिशवी. विजेचा हीटर मी लावलाच नाही. त्याची गरजच पडली नाही.

४. आपले मीटर वाचणारे कर्मचारी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकराला येतात. त्या वेळी मी लाँड्रीत असते. दार बंद, मीटर जागचा हललेला नाही म्हणावा इतका. त्यांनी वीजतक्त्यातील ‘वापर’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले. अपूर्णांक लिहिण्याचा त्यांना कंटाळा असावा. तो तक्ता टेबल क्रमांक तीनवर गेला आणि तिथे मला प्रशस्तिपत्र मंजूर झाले. इथपर्यंत कोणाबद्दलही माझी तक्रार नाही.

तोच तक्ता पुढे टेबल क्रमांक पाचवर गेला. तिथल्या निवास नोंदवहीतही ‘वापर’ नावाचा रकाना आहे. तो जागेच्या वापराचा आहे. टेबल पाचवरच्या लिपिकांनी एका ‘वापर’मधले ‘नाही’ उचलून दुसऱ्या ‘वापर’मध्ये ठेवले. असे सलग सहा महिने झाले. सहा वेळा ‘नाही’ आले की जागा सोडून दिली असे समजून ताबा मालकाला, हा आपला नियम. विजेचा वापर नाही म्हणून जागेचा वापर नाही, आणि जागेचा वापर नाही म्हणून अर्जदार नाही. मी नोटीस घेऊन प्रत्यक्ष टेबल पाचसमोर उभी राहिले. लिपिकांनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिले, परत वही पाहिली आणि वहीवर विश्वास ठेवला.

त्यांचा स्वभाव मात्र मदतीचा आहे, हे नमूद करते. ते मला हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही असं करा, दोन मोठे बल्ब दिवसरात्र चालू ठेवा. आपोआप राहत्या व्हाल.”

५. महोदय, हा सल्ला त्यांना सुचला कुठून, ते मला घरी परतताना जिन्यातच कळले. आमच्या इमारतीत चार, सहा व सात या क्रमांकांच्या खोल्या सव्वा वर्ष रिकाम्या आहेत. मालकाच्या ताब्यातली खोली रिकामी म्हणून नोंदली गेली तर आपले कार्यालय ती प्रतीक्षा यादीतील कुटुंबाला देते. मालकांना यादीतली कुटुंबे नकोत, त्यांना चांगली पगारदार माणसे हवी आहेत. म्हणून तिन्ही खोल्यांत एकेक मोठा बल्ब दिवसरात्र जळतो. दाराखालून उजेड येतो, मीटर गरगर फिरतो आणि आपल्या वहीत ‘वापर : आहे’ असे पडते.

सहा नंबरातले गृहस्थ शंभर वॅटचे आहेत. ते मध्यंतरी चार दिवस गेले होते. मालकांनी त्यांच्या जागी नवीन आणून बसवले, तेव्हा आपल्या नोंदवहीत ना मृत्यूची नोंद झाली ना वारसाची. माझी विनंती आहे की नियम सर्वांना सारखा असेल तर या तिघांचीही हजेरी सुनावणीत घ्यावी. दिव्याखाली अंधार असतो हे लहानपणापासून ऐकत आले, पण दिव्यालाच भाडेकरू केलेला मी प्रथमच पाहिला. या तीन खोल्यांचे बल्ब कोणत्या दिवशी किती वेळ जळताना दिसले याची टिपणवही मी १९ डिसेंबरपासून डोळ्यात तेल घालून ठेवली आहे. ती सोबत जोडली आहे.

६. पारदर्शकता राहावी म्हणून एक गोष्ट स्वतःहून उघड करते. घरमालकांचे कपडे त्याच लाँड्रीत येतात. ते तिथे कोण शिवते हे त्यांना माहीत नाही, कारण माझ्याकडे त्यांनी चौदा वर्षांत नीट पाहिलेले नाही. नोटीस मिळाल्यापासून त्यांच्या चार विजारी माझ्या हाताखालून गेल्या. चारही मी कमरेत एकेक बोट आत घेतल्या. मला कोणी सांगितले नव्हते. शिवण इतकी सफाईची आहे की जिन्यावर भेटणारे शेजारी त्यांना सांगतात, तब्येत सुधारली तुमची. त्यांनी संध्याकाळचे जेवण सोडले आहे व सकाळी इमारतीला सहा फेऱ्या मारतात. मी अस्तित्वात नाही असे शपथेवर सांगणारा माणूस माझ्याच टाक्यांत अडकून धापा टाकत चालला आहे, हे मी रोज खिडकीतून बघते व मला बरे वाटते. आपण लेखी आदेश दिल्यास मी त्या शिवणी उसवून देईन. तोंडी आदेश मात्र मानणार नाही.

७. आता मूळ गोष्टीकडे येते. ही मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती आधी सांगितली असती तर आपण वरचे वाचले नसते.

घरमालकांच्या मातोश्री तळमजल्यावर, मालकांच्या घराला लागून असलेल्या स्वतंत्र खोलीत राहतात. वय एक्क्याऐंशी. सारी इमारत त्यांना थोरल्या बाई म्हणते. सुनेशी पटत नाही म्हणून त्यांची चूल वेगळी आहे. खोलीत विजेचा हीटर आहे, पण मालकांनी त्याला वेळेची चावी बसवली आहे. लावला की तो सकाळी अर्धा तास व संध्याकाळी एक तास चालतो, मग आपोआप बंद होतो. वीज वाया जाऊ नये, हे कारण. त्याच वेळी वरच्या मजल्यावर सहा नंबरातले शंभर वॅटचे गृहस्थ चोवीस तास भिंती तापवत बसलेले असतात.

ऑक्टोबरच्या शेवटी थोरल्या बाई त्यांच्या झग्याची बाही उसवली म्हणून माझ्याकडे वर आल्या. दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून ऊन आत आले होते, दाराखाली उशी होती. मी टाका घालेपर्यंत त्या बसल्या, आणि टाका घालून झाला तरी बसल्या. मग म्हणाल्या की खाली बोटे वाकत नाहीत, इथे वाकतात. त्या दिवसापासून रोज दुपारी त्या कठडा धरून, मजल्यामजल्यावर थांबत वर येत व अंधार पडायच्या आत खाली जात. माझी बटणे रंगाप्रमाणे वेगळी करून ठेवत. दोन भोकांची एका डब्यात, चार भोकांची दुसऱ्या डब्यात, असा त्यांचा नियम. तो मोडलेला त्यांना चालत नाही. मालकांना वाटे आई दुपारी झोपते.

८. संदर्भ क्रमांक तीन, म्हणजे मालकांचे प्रतिज्ञापत्र. नोटिशीला त्यांचा पाठिंबा म्हणून ते जोडले आहे व त्याची नक्कल मला आपल्याच कार्यालयाने पाठवली. त्यात पुढील वाक्य आहे, ते जसेच्या तसे देते : ‘सदर खोलीत गेल्या सहा महिन्यांत कोणीही मनुष्य राहिलेला नाही, आलेला नाही व गेलेला नाही, हे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो.’

हा कागद आला तेव्हा थोरल्या बाई समोरच बटणे निवडत होत्या. मी वाचले व तो यंत्रावर ठेवला. त्यांनी माझा चेहरा पाहिला व कागद मागितला. चष्मा पुसला, तो लावला आणि सगळा मजकूर बोट ठेवून वाचला. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचले. मग कागदाची घडी मोडलेल्या जागीच परत घातली आणि म्हणाल्या, “म्हणजे मी माणसात नाही तर.”

त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर खाली गेल्या. २९ डिसेंबरला सकाळी, मी लाँड्रीत जायला निघते त्या वेळी, त्या उशी, औषधांचा डबा आणि कपड्यांचे गाठोडे घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या. तीन मजले त्या गाठोडे घेऊन कशा चढल्या हे त्यांनी मला अजून सांगितलेले नाही. त्यांनी विचारले की खोली रिकामीच आहे असे कळले, तर आत येऊ का. मी म्हणाले, या.

९. हे माझे शस्त्र आहे असे मला त्याच क्षणी वाटले, हे मी लपवत नाही. मला आनंद झाला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकत बसण्यापेक्षा चोराची आईच आपल्या घरी राहायला आली, यापरता न्याय कोणता. मी सुनावणीचे दिवस मोजू लागले. थोरल्या बाईंनीही खाली कोणाला काही सांगायचे नाही अशी ताकीद दिली. त्यांचे म्हणणे एवढेच, की बघू तरी, किती दिवसांत विचारतो. त्यांचा अंदाज होता, दोन दिवस. सुनेचा त्यांनी हिशेबच धरला नव्हता.

पाचव्या दिवशी, दि. २ जानेवारीला, मालक आपल्या मीटर वाचणाऱ्या कर्मचाऱ्यांना घेऊन माझ्या दाराखालच्या वळणावर, जिन्यातल्या मीटरांच्या फळीपाशी आले होते. आदल्या दिवशी, म्हणजे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, कर्मचाऱ्यांना सुटी होती, म्हणून ते त्या दिवशी दुपारी आले. माझे दार केर काढण्यासाठी उघडे होते व आम्ही दोघी आत होतो. थोरल्या बाईंच्या खोलीचा मीटर त्या पाच दिवसांत जागचा हललेला नव्हता. मालक तो आकडा रोज पाहतात, त्यांच्या ते लक्षात आले. ते कर्मचाऱ्यांना खूश होऊन म्हणाले, “आई शहाणी झाली आता. हीटर लावतच नाही.”

थोरल्या बाईंनी ते ऐकले. मी उठून दार लावणार होते, त्यांनी हाताने थांबवले. चार भोकांच्या डब्यात त्यांनी दोन भोकांची तीन बटणे टाकली, आणि मी ती काढली नाहीत. माझा आनंद त्या दिवशी संपला. राग मात्र दुप्पट झाला, आणि तो आता एकट्या माझा राहिलेला नाही.

१०. महोदय, आपल्या नियमाप्रमाणे पाहू गेल्यास थोरल्या बाईंच्या खोलीतही आता ‘वापर नाही’ असेच पडेल. सहा महिने असेच गेले तर त्याही आपल्या वहीतून जातील. पोटच्या मुलाने आईला मीटरवरून ओळखावे आणि कार्यालयाने भाडेकरूला, यात उणे कोणाचे अधिक हे मी ठरवत नाही. मी शिकलेली कमी आहे. पण माप घेताना टेप माणसाला लावतात, हे मला चाळीस वर्षांच्या कामातून कळते. टेबल पाचला ते कळावे, ही अपेक्षा आहे.

आपण स्वतः कोणत्याही दिवशी दुपारी एकनंतर खोली क्रमांक नऊमध्ये यावे. हातच्या कांकणाला आरसा कशाला. बूट दाराबाहेर काढावेत, चिंध्यांची उशी पायाने सरकवू नये. आपण बसाल तेव्हा भात खोक्यात शिजत असेल. आपल्या कार्यालयातील हीटरपाशी आपल्या माणसांना स्वेटर घालून बसावे लागते हे मी पाहिले आहे. इथे लागणार नाही.

११. सबब, विनंती :

अ) संदर्भ क्रमांक एकची नोटीस रद्द करावी. प्रशस्तिपत्र परत घ्यायचे असल्यास घ्यावे, माझी हरकत नाही. त्याच्या मागची कोरी बाजू मापे लिहायला वापरात आहे, तेवढी उतरवून घेईन.

आ) दोन्ही वह्यांतील ‘वापर’ हा शब्द वेगळा करावा. एकीत ‘जळालेली वीज’ लिहावे व दुसरीत ‘राहणारी माणसे’. शब्द दोन झाले की चूक करायला निदान शाई तरी जास्त लागेल.

इ) चार, सहा व सात क्रमांकांच्या खोल्या प्रतीक्षा यादीतील कुटुंबांना द्याव्यात. हे मी परोपकार म्हणून मागत नाही. घरमालकांना ते आवडणार नाही म्हणून मागते.

ई) खोली क्रमांक नऊच्या नोंदीत दुसऱ्या रहिवासी म्हणून थोरल्या बाईंचे नाव त्यांच्या संमतीने चढवावे. भाडेकरूशी नाते या रकान्यात काय लिहावे, ते आम्हा दोघींना ठरवता आले नाही. तो रकाना कोरा ठेवावा.

उ) सुनावणीत घरमालकांना शपथ दिल्यावर, इतर काहीही विचारण्याआधी, पुढील एकच प्रश्न विचारावा : ‘२९ डिसेंबरपासून आपल्या मातोश्री कुठे आहेत?’ ‘खोली नऊमध्ये’ म्हणाले, तर त्या खोलीत माणसे राहतात हे त्यांच्याच तोंडून आले. ‘तळमजल्यावर आपल्या खोलीत’ म्हणाले, तर ते शपथेवर खोटे, आणि ते ऐकायला तिथे कोण बसलेले असेल याची त्यांना कल्पना नसेल. तिसरे उत्तर एकच उरते, ‘माहीत नाही’. ते त्यांनी सर्वांसमोर, मोठ्याने द्यावे. लिपिकांनी ते इतिवृत्तात पूर्ण लिहावे, संक्षेप करू नये.

हा प्रश्न त्यांना आधी कळवू नये, ही विशेष विनंती. आठ दिवस आहेत. विचारायचेच असेल तर घरात, आपल्या आईच्या दारावर टकटक करून ते विचारू शकतात. ती संधी मी त्यांच्याकडून काढून घेतलेली नाही.

कळावे. आपण न्याय कराल असे म्हणण्याची पद्धत आहे. मी एवढेच म्हणते की १५ तारखेला मी येणार आहे.

आपली नम्र व राहती,

(सही)
खोली क्रमांक नऊमधील भाडेकरू

सोबत :
१) नोटीस व प्रशस्तिपत्र यांच्या नकला, मूळ पत्रे आली तशा एकत्र
२) प्रतिज्ञापत्राची नक्कल
३) बल्बांची टिपणवही
४) लाँड्रीवाल्याचा दाखला, की अर्जदार रोज नऊ ते एक दुकानात असते व एकनंतर ‘घरी जाते’
५) खालील निवेदन, सांगणारीच्या स्वतःच्या हस्ताक्षरात

निवेदन

वरील अर्ज मी चष्मा लावून वाचला. बरोबर आहे. विजारींचे मला ठाऊक नव्हते, पण ते ठीकच केले. मी आज अकरा दिवस तिसऱ्या मजल्यावर आहे. मुलगा फेऱ्या मारताना रोज सहा वेळा माझ्या दारावरून जातो. वरून दिसतो. सुनावणीला मीही येणार आहे. मला मागे बसवू नये, पुढच्या बाकावर जागा ठेवावी. तो काय सांगतो ते मला त्याच्या तोंडून ऐकायचे आहे.

(सही) घरमालकांची आई